आठ पिनकोडांची दुरुस्ती

देऊळगाव राजात गफ्फारचाचांना ओळखत नाही असा माणूस एकतर नुकताच बदलून आलेला असतो, नाहीतर त्याला जन्मात कुणी पत्र लिहिलेलं नसतं. एकतीस वर्षं त्यांनी टपाल खात्यात काढली. त्यातली बरीचशी नुसती टपाल छाटण्यात, म्हणजे पत्रं गावागावाच्या खणांत लावण्यात गेली आणि राहिलेली खिडकीमागे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जित्याची खोड, ती काही पेन्शनबरोबर सुटत नाही. चाचांना दोन खोडी होत्या. समोर आलेलं काम पडून राहू द्यायचं नाही ही पहिली, आणि कुठे चुकीचं लिहिलेलं दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय हलायचं नाही ही दुसरी. एका किराणा दुकानाच्या पाटीवर गावाचा पिनकोड चुकला होता, तर चाचांनी त्या दुकानदाराच्या मागे तीन महिने लागून पाटी बदलायला लावली. दुकानदार अजून त्यांना लांबून बघितलं की गल्ली बदलतो.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिल्या खोडीने उचल खाल्ली. समोरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात गेले तीन आठवडे एक चौकट येत होती. अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर? चाचांची धाकटी लेक यास्मीन रोज ‘नंतर’ दाबायची. तीन आठवडे एक काम ‘नंतर’वर पडलंय, हे चाचांना बघवेना. खात्यात असतं तर साहेबाने मेमो दिला असता. यास्मीन सर्टिफिकिटांच्या झेरॉक्स काढायला बस स्टँडकडे गेली होती. घरात फक्त चाची, म्हणजे जमीला, चुलीपुढे नव्हे, गॅसपुढे मेथी परतत होती. चाचांनी चष्मा लावला आणि ‘आत्ता’ दाबलं.

पडद्यावर गोल गोल ठिपके फिरू लागले. दहा टक्के झालं, वीस झालं. चाचा खुर्ची ओढून समोर बसले आणि टपालाची थैली रिकामी होताना बघावी तशा समाधानाने आकडे बघत राहिले. बेचाळीस टक्क्यांवर लाईट गेली.

लाईट सव्वाला आली. यास्मीनही त्याच सुमाराला आली. कॉम्प्युटर चालू केला तर आधी तो म्हणाला, अपडेट पूर्ण झालं नाही, बदल मागे घेत आहोत. मग काळा झाला. मग आपणहून बंद होऊन आपणहून सुरू झाला, असं तीनदा झालं. चौथ्यांदा निळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून खाली रिकामी जागा सोडलेली.

“अब्बा, तुमी काई दाबलं काय?” यास्मीनने विचारलं.

“‘आत्ता’ दाबलं,” चाचा म्हणाले. “तीन हप्त्यांपासून पडून होतं ते.”

यास्मीन मटकन खुर्चीत बसली, आणि तिचा चेहरा बघून चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. यास्मीन गणितात एम.एस्सी., वर बी.एड. दोन वर्षं घरी बसून शिकवण्या घेत होती. जालन्याच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा निघाली, आणि शाळेने सांगितलं की आधी पंधरा मिनिटांचा एक पाठ शिकवून त्याचा व्हिडिओ पाठवा, आवडला तर बोलावू. याच खोलीत फळा टांगून यास्मीनने आठ दिवस तो पाठ केला. मोबाईल भरला म्हणून सगळे तुकडे कॉम्प्युटरवर टाकले, मोबाईलमधले पुसले, आणि काल संध्याकाळी ते जोडून पाठ पुरा केला. आता एकदा बघायचा आणि पाठवायचा, एवढंच राहिलं होतं. शेवटची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाच.

“प्रेमानंदले बोलावतो,” चाचा म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर गेले.

प्रेमानंदचं बस स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. चाळिशीचा, पोटाने सुखी, शर्टाच्या खिशात कायम दोन-तीन पेनड्राइव्ह. जेवता जेवता उठून आला बिचारा. त्याने पडदा बघितला, मान हलवली आणि म्हणाला, “चाचा, की हाये का?”

“हाये का, की काय?” चाचांनी विचारलं.

“की.”

“अरे, पण की काय? वाक्य पुरं कर ना बे.”

प्रेमानंद हसला. “की म्हंजे किल्ली, चाचा. इंग्लिशमधली की. अर्धवट अपडेट झालं की मशीनले वाटते, कोणीतरी आपल्याले छेडून राह्यलं. मंग ते कुलूप लावून घेते. कुलपाची चाबी म्हंजे अट्ठेचाळीस आकडे. ते टाकले का खुलते.”

“आन् नसले तं?”

“मंग फॉरमॅट. मशीन चालू होईन, पन अंदरचं समदं साफ.”

जमीलाचाची दारात येऊन उभी होती. हातातला झारा तसाच होता. “समदं म्हंजे पाठबी?” तिने विचारलं.

“समदं, चाची.”

प्रेमानंदने एक वाट सांगितली. ते आकडे इंटरनेटवरच्या खात्यातही असतात. यास्मीनने मोबाईलवरून खातं उघडून बघितलं. खात्याने ओटीपी पाठवला, तो तिच्या जुन्या नंबरावर. ते सिम वर्षापूर्वी मोबाईल हरवला तेव्हाच बंद झालेलं. ओटीपी निघाला खरा, पण कुणाच्या दारात गेला ते त्यालाच माहीत. चाचांना त्यातही गलथानपणाच दिसला. पत्ता बदलल्यावर अर्ज द्यायला नको का, असं ते पुटपुटले, पण हळू, कारण आज त्यांना बोलायला तोंड नव्हतं.

“थांबा,” यास्मीन एकदम म्हणाली. “मी लिहून ठेवले होते. उमैमाआपाच्या लग्नाच्या टायमाले हा कॉम्प्युटर घेतला ना, तवा दुकानवाल्यानं सांगतलं होतं, हे आकडे कुठंतरी उतरून ठेव. मी पत्रिकेच्या पाकिटावर उतरले. पटापट, एकाखाली एक. इथंच, ड्रॉवरमधी.”

ड्रॉवर उपसला. त्यात दोऱ्याची रिळं निघाली, जुनी बिलं निघाली, उमैमाच्या लग्नाच्या उरलेल्या पाच पत्रिकाही निघाल्या. पाकीट नव्हतं.

“कसे होते आकडे?” चाचांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“सहा-सहा आकड्यांच्या आठ ओळी.”

“सहा-सहा. आठ.”

“हाव.”

चाचांनी त्या उरलेल्या पत्रिकांकडे बघितलं. “म्हंजे ते पिनकोड?”

“कोनते पिनकोड, अब्बा?”

आता इथे जरा मागे जाऊन सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या उमैमाचं लग्न ठरलं तेव्हा चाचांनी घरात जाहीर केलं होतं की पत्रिका टपालानेच जातील. मोबाईलवर फोटो पाठवून बोलावणं म्हणजे हाक मारून जेवायला बोलावल्यासारखं झालं. तर असे ते पत्रिकांच्या ढिगात बसले असताना ड्रॉवरमधून त्यांना ते पाकीट मिळालं. पाकिटावर यास्मीनचं अक्षर, आणि सहा-सहा आकड्यांच्या आठ ओळी. ना वर काही लिहिलेलं, ना खाली. एकतीस वर्षं सहा आकडी नंबर बघितलेल्या माणसाला सहा आकड्यांत दुसरं काय दिसणार? त्यातून पहिलाच नंबर होता ४४३२०१. म्हणजे चिखली. चिखलीला जमीलाचा भाऊ राहतो. बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी. पोरीने पत्रिकांसाठी पिनकोडांची यादी केली, असं चाचांनी धरून चाललं आणि पोरीच्या शहाणपणाचं त्यांना कौतुक वाटलं.

कौतुक तिसऱ्या ओळीपर्यंत टिकलं. पुढे चुकाच चुका. चाचांनी पेन काढलं, जेवढं चुकलं तेवढं दुरुस्त केलं आणि आठही ओळी आपल्या डायरीत नीट उतरून काढल्या. कुठला पिन कुणाचा ते यास्मीनला विचारू म्हणून ठेवलं, आणि लग्नघाईत ते राहूनच गेलं. मूळ पाकीट त्यांनी फाडून टाकलं होतं. चुकलेला पत्ता घरात ठेवू नये, नाहीतर पुन्हा कुणीतरी त्यावरूनच लिहितं, असा त्यांचा नियम होता.

हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. प्रेमानंदने खिशातला पेनड्राइव्ह काढून पुन्हा खिशात ठेवला. त्याला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

“यास्मीनचे अब्बा,” जमीलाचाची म्हणाली, “दुनियेत एखांदी चूक तरी तिच्या मालकापाशी राहू देत जा.”

चाचांनी ते ऐकून घेतलं. एरवी त्यांनी उत्तर दिलं असतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की यास्मीन ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटून गेलं. पण यास्मीन ओरडणाऱ्यातली नव्हती. ती एवढंच म्हणाली, “डायरी आना, अब्बा. पाहू किती दुरुस्त केलं ते.”

डायरी आली. त्यात चाचांच्या मोत्यासारख्या अक्षरात मथळा होता: ‘उमैमाचे लग्न. पत्रिकांचे पिन. यास्मीनच्या यादीवरून, दुरुस्त करून.’ खाली आठ ओळी. चाचा वाचू लागले आणि यास्मीन टाकू लागली. चाचा नंबर वाचायचे ते जुन्या पद्धतीने, दोन-दोन आकड्यांनी. चव्वेचाळीस, बत्तीस, शून्य एक. पहिली ओळ मशीनने घेतली. दुसरी, बावीस, साठ, सतरा, तीही घेतली. ती लखनौची होती, आणि लखनौला आपलं कोण, हा प्रश्न चाचांना दोन वर्षांपूर्वीही पडला होता. तिसरी टाकली आणि चौकट लाल झाली.

“हे बरं झालं,” प्रेमानंद खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “चुकीची ओळ मशीन जागच्या जागी सांगून राह्यली. चाचा, तुमच्या दुरुस्त्या किती हायेत ते तरी कळन.”

आठही ओळी टाकून बघितल्या. तिसरी, पाचवी आणि आठवी लाल. बाकीच्या पाच चाचांनी जशाच्या तशा ठेवल्या होत्या, कारण त्या त्या भागांत तसे पिन असू शकतात, आणि खात्री नसताना पेन लावायचं नाही एवढी शिस्त त्यांच्या खोडीलाही होती.

घड्याळात पावणेतीन झाले होते.

“तिसरी,” यास्मीन म्हणाली. “तुमी काय लिहिलं?”

“छत्तीस, वीस, अकरा. जुनागड.”

“आन् मी काय लिहिलं होतं?”

चाचांनी डोळे मिटले. ही त्यांची जुनी रीत. टपाल छाटताना ते आकडे वाचत नसत, हातच खणाकडे जायचा. त्यांनी हात थोडा वर उचलला, खणांची लाकडी मांडणी समोर असावी तसा, आणि तो हवेत मध्येच अडला. “पस्तीस,” ते म्हणाले. “तू पस्तीस लिहिलं होतं. पस्तीसनं सुरू होनारा पिन साऱ्या मुलकात नाई. राजस्थान चौतीसवर संपते आन् गुजरात छत्तीसपासून सुरू होते. मले वाटलं, सहाचा पाच झाला असन.”

पस्तीस, वीस, अकरा. मशीनने घेतली. प्रेमानंदने टेबलावर थाप मारली.

पाचवी ओळ डायरीत मेहकरची होती, ४४३३०१. चाचांना तिचीही वाट सापडली. “मुळात शून्य पुढे होतं,” ते म्हणाले. “शून्यानं पिन सुरू होत नसते. मी ते शून्य उचलून मागं नेलं. तं झालं चव्वेचाळीस, तेहतीस, शून्य शून्य. तसाबी पिन नसते. मंग शेवटी एक केला, मेहकर झालं.”

“म्हंजे एकाचं शून्य करा आन् शून्य परत पुढे आना,” यास्मीन म्हणाली आणि टाकलं: ०४४३३०. मशीनने घेतलं. आपल्या आयुष्यात आपण इतकं उलटं काम कधी केलं नव्हतं, असं चाचांच्या मनात आलं, पण लेकीच्या चेहऱ्यावर थोडा रंग आलेला बघून त्यांना आपलं बरं वाटत होतं.

मग आठवी ओळ. डायरीत होतं ४४३२०४, म्हणजे आपलं देऊळगाव राजाच. चाचांनी डोळे मिटले, हात उचलला. हात तसाच राहिला. पुन्हा मिटले. जमीलाचाचीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. प्रेमानंदने पंखा बंद केला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“नाई आठवत,” चाचा म्हणाले.

“जरा सवड घ्या, अब्बा.”

“नाई आठवनार. मी पाह्यलंच नव्हतं, बेटा.” चाचांनी डोळे उघडले. “सुरुवातीचे चार आकडे आपल्या गावाचे होते, चव्वेचाळीस बत्तीस. एवढं नक्की. पुढचे दोन भलतेच काई होते. मले राग आला. म्हनलं, टपालवाल्याची पोरगी, आन् इले गावचा पिन येत नाई. रागात खोडलं आन् आपला लिहिला. तू काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नाई. चुकलं हाये एवढंच पाह्यलं.”

यावर बोलण्यासारखं होतं, पण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. यास्मीनची चौथीतली वही, बारावीतला निबंध, शाळेला केलेला अर्ज, सगळं चाचांच्या पेनाखालून गेलं होतं. त्यातलं किती त्यांनी वाचलं होतं, हे चाचा आत्ता पहिल्यांदाच मनाशी विचारत होते आणि उत्तर काही चांगलं येत नव्हतं.

“दोनच आकडे म्हंजे शंभर तऱ्हा,” प्रेमानंद बोटांवर हिशेब करत म्हणाला. “एकेका डावाले अट्ठेचाळीस आकडे पहिल्यापासून टाका लागतात. पाच-सहा मिनिटं धरली तं रात्र होईन. बरं, एक हाये. आमच्या दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर आलं होतं मागं. या आकड्यांचा एक कायदा असते. एकूणएक ओळीले अकरानं भाग जाते. म्हनून तं मशीनले लगेच कळते, ओळ चुकली का बरोबर हाये.”

यास्मीनने मान वर केली. “अकरानं?”

“हाव. आता त्याचा काय उपयोग ते मले माईत नाई.”

यास्मीन उठली, फळ्यापाशी गेली आणि खडू घेतला. “पहिली ओळ पाहा,” ती म्हणाली. “आठवीसारखी हीबी चव्वेचाळीस बत्तीसचीच, चार लाख त्रेचाळीस हजार दोनशे एक. मशीननं घेतली, म्हंजे तिले अकरानं भाग जाते. आता तिच्यात अकरा मिळवले तं येनाऱ्यालेबी जाईन ना?”

“जाईन,” चाचा म्हणाले. ते नकळत खुर्चीत ताठ बसले होते.

“मंग शेवटचे दोन आकडे एक असतीन, नाईतर बारा. नाईतर तेवीस. मधले काऊन नाई?”

“मधल्यांले भाग नाई जानार.”

“झालं.” तिने फळ्यावर एका रांगेत लिहिलं: ०१, १२, २३, ३४, ४५, ५६, ६७, ७८, ८९. “शंभरातले नऊ राह्यले. पहिला तं चिखलीचाच, तो असता तं तुमी वळखला असता. म्हंजे आठ.”

प्रेमानंदने फळ्याकडे बघितलं, मग चाचांकडे बघितलं. “चाचा,” तो म्हणाला, “मी पंधरा वर्षांपासून ह्या लायनीत हाओ. मले हे सुचलं नसतं.”

चाचांनाही सुचलं नसतं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि लगोलग ही पोरगी आपल्या घरात सत्तावीस वर्षं राहते हेही त्यांना नव्याने कळल्यासारखं झालं. पण घड्याळ सव्वातीनच्या पुढे गेलं होतं आणि ऊर भरून घेत बसायला सवड नव्हती.

मग जे सुरू झालं ते एखाद्या कारखान्यासारखं. चाचा वाचायचे, यास्मीन टाकायची, प्रेमानंद चूक होत नाही ना म्हणून पडद्याला नाक लावून बसायचा. जमीलाचाचीने दाराजवळच्या बोर्डाचा ताबा घेतला, जेणेकरून कुणी येऊन भलतंच बटण दाबू नये. शेजारची अन्नपूर्णाबाई विरजण मागायला आली, तिला चाचीने विरजण दिलं पण उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

बारा टाकून बघितले. आठही ओळी मशीनने घेतल्या आणि शेवटी म्हणालं, की बरोबर नाही. तेवीस, नाही. चौतीसला चाचांची वाचताना जीभ अडखळली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. चौतीसही नाही. पंचेचाळीसच्या वेळी लाईट एकदा मिचकली. ती गेली नाही, पण पंचेचाळीसही गेलं नाही. चार वाजायला दहा मिनिटं होती.

“बेटा,” चाचा हळूच म्हणाले, “ते चव्वेचाळीस बत्तीस तरी मले बरोबर आठवून राह्यलं ना?”

“आठवून राह्यलं, अब्बा. वाचा.”

“तुले कसं माईत?”

“तुमाले राग आला होता ना. गावचा पिन दिसल्याबिगर तुमाले राग आला नसता.”

छप्पन्न, नाही. प्रेमानंदने कपाळ पुसलं. सदुसष्ट. चाचांनी शेवटची ओळ अगदी सावकाश वाचली: चव्वेचाळीस, बत्तीस, सदुसष्ट. यास्मीनने बटण दाबलं. निळा पडदा गेला. क्षणभर काळं झालं आणि मग ते गोल ठिपके फिरायला लागले, खाली अक्षरं आली: बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका.

“कोनी बंद नाई करत रे बाबा,” जमीलाचाची बोर्डाजवळून म्हणाली.

ते ठिपके तब्बल बावीस मिनिटं फिरले. त्या बावीस मिनिटांत प्रेमानंदने मेथीची भाजी आणि तीन भाकरी खाल्ल्या, कारण त्याचं जेवण अर्धवट राहिलं होतं हे चाचीला आठवलं. मग ओळखीचा पडदा आला, आणि त्यावर एका कोपऱ्यात यास्मीनची फाईल, काल संध्याकाळी ठेवली तशी. यास्मीनने ती उघडूनही बघितली नाही. मोबाईलच्या इंटरनेटवर कॉम्प्युटर जोडला आणि पाठवायला लावली. रेंज यावी म्हणून मोबाईल खिडकीच्या गजावर ठेवला होता आणि चाचा तो पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे होते. चार पन्नासला शाळेकडून उत्तर आलं, पाठ मिळाला.

यास्मीन तेव्हा रडली. थोडंसं, आणि हसत हसत. जमीलाचाचीने तिचं डोकं पोटाशी धरलं. प्रेमानंद निघायला लागला, तो म्हणाला, “ते आठ नंबर आता एखांद्या कागदावर नीट लिहून ठेवा. आन् वर मोठ्या अक्षरात लिहा, हे पिनकोड नाईत.”

“थांब ना,” चाचा म्हणाले. “चहा घे. आन् बेटा, तो पाठ दाखव आमाले.”

यास्मीनने त्यांच्याकडे बघितलं. आठ दिवस ती याच खोलीत शिकवत होती. चाचा दोनदा आत आले होते. एकदा फळा वाकडा आहे हे सांगायला आणि एकदा तो सरळ करायला.

पाठ होता ऋण संख्यांचा. वजाला वजाने गुणलं तर अधिक का होतं, हा. पडद्यावरची यास्मीन म्हणाली, आपली एसटी बस घ्या. देऊळगावहून जालन्याकडे जाते ती अधिक, जालन्याहून देऊळगावकडे येते ती वजा. पुढचा वेळ अधिक, गेलेला वेळ वजा. आता बस जालन्याच्याही पलीकडून ताशी तीस किलोमीटरने इकडे येतेय, आणि आत्ता आपल्या स्टँडवर पोहोचली. दोन तासांपूर्वी ती कुठे होती? चाचा पुढे वाकून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या यास्मीनने फळ्यावर उत्तर लिहिलं, अधिक साठ, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली.

पाठ संपला. यास्मीन वाट बघत होती. चाचा काहीतरी काढणार, अक्षर, खडू, उच्चार, काहीतरी, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि यावेळी तर पाठ पाठवून झाला होता.

“बस इकडे येऊन राह्यली म्हंजे वजा,” चाचा म्हणाले. “हे समजलं. दोन घंटे अगोदर म्हंजे वजा, हेबी समजलं. पन मंग ते अधिक झालं कसं? तिथं माझं काई सुटलं. मले नाई समजलं, बेटा.”

बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून जमीलाचाचीने ऐकलं नव्हतं. ती चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“व्हिडिओ मागं घ्या लागन,” प्रेमानंद म्हणाला आणि माऊसकडे हात नेला.

“राहू द्या, भाऊ,” यास्मीन म्हणाली. तिने फळा पुसला, मधोमध एक आडवी रेघ मारली, रेघेच्या मध्यावर देऊळगाव लिहिलं आणि उजवीकडे जालना. मग ती चाचांकडे वळली. “सांगा, अब्बा. बस आत्ता कुठं हाये?”

चाचा खुर्चीतून उठले, फळ्याजवळ गेले आणि देऊळगाववर बोट ठेवलं.